संस्कारी चित्रपटात किंमत कोण मोजतं?

जुने चित्रपट संस्कार करायचे, नवे चित्रपट पोरं बिघडवतात. हे वाक्य इतक्यांदा कानावर पडलंय की बोलणाऱ्यानं नुसता घसा खाकरला तरी पुढचं मला पाठ असतं. इंदूरच्या मॅरेज गार्डनमध्ये जेवणाच्या टेबलावर ऐकावं लागतं, उज्जैनच्या बसमध्ये शेजारच्या सीटवरून ऐकावं लागतं, आणि सांवेरच्या ओटल्यांवर तर ते चहाबरोबर येतंच. म्हणणारा बहुधा साठी ओलांडलेला, सज्जन, पेन्शनर. त्याच्या सज्जनपणाबद्दल मला शंका नाही. त्याच्या स्मरणशक्तीबद्दल आहे.

त्याचं म्हणणं त्याच्याच ठसक्यात सांगते, म्हणजे मी ते सोयीनं वाकवलं असं कुणी म्हणायला नको. पूर्वी पडद्यावर त्याग होता, सत्य होतं, आईबापांचा मान होता. नायक दारू प्यायचा तीही दुःखानं, चैन म्हणून नाही. सगळं घर एकत्र बसून चित्रपट बघे आणि डोळे पुसत, थोडं अधिक चांगलं होऊन बाहेर पडे. आता ‘कबीर सिंग’ आला, ‘ॲनिमल’ आला, ‘पुष्पा’ आला. रक्तचंदनाचा चोर नायक झाला. मराठीत ‘सैराट’ आला आणि पोरी पळून जायला लागल्या. सबब मुलांना जुनं, ‘संस्कारक्षम’ दाखवा, गाडी आपोआप रुळावर येईल. आमच्याकडे गणपतीत पडदा लावून असे चित्रपट दाखवायची सूचनासुद्धा झाली. यादीत ‘श्यामची आई’, ‘हम आपके हैं कौन’, ‘बागबान’, आणि तोंडी लावायला ‘लगे रहो मुन्नाभाई’.

ही यादी मी शांतपणे वाचली, एवढीच माझी त्या दिवशीची पुण्याई.

आधी या तक्रारीचं वय पाहू. 1927 साली ब्रिटिश सरकारनं चित्रपटांच्या चौकशीसाठी समिती नेमली. दिवाण बहादूर रंगाचारी तिचे अध्यक्ष. समितीनं गांधीजींनाही प्रश्नावली पाठवली. त्यांनी कळवलं की आपण कधी चित्रपटगृहात गेलेलो नाही, पण चित्रपटानं केलेलं नुकसान बाहेरच्या माणसालाही दिसतं. फायदा झाला असेल तर तो अजून सिद्ध व्हायचाय. तेव्हा बोलपटही आला नव्हता. तो आला 1931 साली. म्हणजे पडद्याला कंठ फुटायच्या आधीपासून पडदा पोरं बिघडवतो आहे! मग ती चांगली पोरं घडवणारी पिढी नेमकी कुठली? जी आज बिघडलेली दिसते तिच्याच आजोबांना त्यांचे आजोबा बिघडलेले म्हणत होते.

बरं, सोन्याचा काळ होता असं मानू. त्या काळात लोक काय बघत होते? ‘श्यामची आई’ला 1954 साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण 1959 साली आलेला ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदला 131 आठवडे चालला, हे कुणी सांगत नाही. तमाशाचा चित्रपट, हंसा वाडकर नायिका, आणि गावचा पाटील, म्हणजे प्रतिष्ठेचा पुतळा, तोच त्यातला दुष्ट. पदक आईला दिलं आणि तिकिटं तमाशाची काढली. यात मला काही वावगं वाटत नाही. फक्त मग आमचे आजोबा रात्रंदिवस श्यामच्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून होते, असं आम्हाला सांगू नका.

आता मूळ मुद्द्याकडे. भारतातली पहिली पूर्ण लांबीची कथा पडद्यावर आली तीच मुळी सद्गुणाची. 3 मे 1913, मुंबईचं कोरोनेशन, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’. सत्यासाठी राजानं राज्य दिलं. वा! आणि मग दक्षिणेचे पैसे कमी पडले म्हणून काय केलं? बायको विकली, पोरगा विकला. लहानपणापासून आपण ही गोष्ट ऐकत आलो आणि माना डोलावत आलो. शब्द कुणी दिला? राजानं. बाजारात उभं कोण राहिलं? तारामती आणि रोहिदास. विकायच्या आधी तारामतीला विचारलं होतं का, असा प्रश्न कीर्तनात एखाद्या पोरीनं विचारला असता तर तिला संस्कारी म्हटलं असतं की आगाऊ?

याच चित्रपटाची दुसरी बाजू तर आणखी बोलकी. तारामतीचं काम करायला फाळक्यांना बाई मिळेना. कुलीन घरातल्या सोडाच, वेश्यावस्तीतल्या बायकांनीही नकार दिला. शेवटी एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा तरुण लुगडं नेसून तारामती झाला. ज्या समाजाला सतीसाध्वीची कथा बघायची होती, त्याच समाजात ती कथा सांगण्यासाठी पडद्यावर उभी राहील ती बाई बदनाम होणार होती. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला उभ्या राहिल्या, त्यांचा फोटो कुणाच्या देवघरात नाही.

इथं हमखास गांधीजींचा एक्का पडतो. लहानपणी हरिश्चंद्राचं नाटक बघून ते सत्यवादी झाले ना? झाले, त्यांनीच आत्मकथेत लिहिलंय. पण आत्मकथेची पुढची पानं उलटायचे कष्ट घ्या. नाटकावर जीव टाकणारा हाच मुलगा पुढं मित्राच्या नादानं चोरून मांस खातो, घरी खोटं बोलतो, भावाच्या कड्यातलं सोनं कापून विकतो. हरिश्चंद्र तेव्हा कुठं गेला होता? मुलाला वाट सापडली ती कबुलीची चिठ्ठी स्वतःच्या हातानं लिहून आजारी वडिलांना दिली तेव्हा. वडिलांनी वाचली, रडले, चिठ्ठी फाडून टाकली. मारलं नाही, व्याख्यान दिलं नाही. नाटकानं मुलाच्या मनात एक इच्छा टाकली असेल, पण ती पुरी करायला असा बाप लागला. आपल्याला बाप व्हायचा कंटाळा आहे म्हणून आपण पडद्याला कामाला लावतो.

सांवेरला येणाऱ्याला आमचा मारुती ठाऊक आहे. देशात इतरत्र तो पायांवर उभा असतो, इथं डोक्यावर. अहिरावणाच्या कैदेतून राम-लक्ष्मणांना सोडवायला पाताळात उतरला तो हा. गावात असा देव असताना तरी उलट बाजूनं बघायची सवय असायला हवी. म्हणून माझी सूचना अशी की तथाकथित संस्कारी चित्रपट एकदा खालून बघावेत, ज्याच्या डोक्यावर सगळा भार येतो त्याच्या बाजूनं. सद्गुण दाखवला का, हा प्रश्न बिनकामाचा आहे. सद्गुण तर सगळेच दाखवतात. त्या सद्गुणाची किंमत कोणी मोजली, ते विचारा.

घ्या ‘हम आपके हैं कौन’. 1994 सालचा. यादीतला सगळ्यात लाडका. मारामारी नाही, दारू नाही, घरभर हसणी-खिदळणी, मोठ्यांच्या पाया पडणं. आमच्या माधुरीचा आणि रेणुका शहाणेंचा म्हणून मराठी घरांना अधिकच प्रिय. थोरली बहीण जिना उतरताना पडून दगावते. मागं तान्हं बाळ. मग दोन्ही घरांतली वडीलधारी माणसं, अत्यंत प्रेमळ माणसं, ठरवतात की धाकटीनं, म्हणजे निशानं, भावोजींशी लग्न करावं, बाळाला आई मिळेल. धाकटीला वाटतं आपलं लग्न बहिणीच्या दिराशी, म्हणजे प्रेमशी ठरतंय, म्हणून ती होकार देते. खरं कळतं तेव्हा लग्नाची तयारी सुरू झालेली असते. आणि ती काय करते? गप्प बसते. प्रेम काय करतो? तोही गप्प बसतो. दोघं मिळून आयुष्याचा सत्यानाश करायला निघतात, आणि चित्रपट आपल्याला सांगतो की बघा, याला म्हणतात त्याग.

मग लग्न मोडतं कसं? टफी नावाच्या कुत्र्यामुळे. निशानं प्रेमसाठी लिहिलेली चिठ्ठी तो प्रेमकडे न नेता भावाकडे नेतो. एवढ्या मोठ्या संस्कारी घरात, काका-मामा-सासू-सासरे-व्याही यांच्या भरगच्च गोतावळ्यात, खरी गोष्ट योग्य माणसापर्यंत पोचवायची हिंमत एकट्या कुत्र्यात निघाली. आणि हा चित्रपट आपण मुलींना दाखवायचा, का? तर घरात कसं बोलू नये ते त्यांना कळावं म्हणून? टफी आजारी असता तर?

बरं, या चित्रपटातून आपण नक्की काय उचललं? त्याग कुणी उचलल्याचं मला तरी दिसलं नाही. उचलली ती मेहंदी, ते संगीत, ते जोडे पळवणं आणि त्यावरून पैशांची घासाघीस. पूर्वी आमच्या मराठी लग्नात सकाळी मुहूर्त, दुपारी पंगत, संध्याकाळी वरात, की झालं. आता तीन दिवस कार्यक्रम चालतो आणि मुलीचा बाप वर्षभर हप्ते फेडतो. चित्रपटाचा परिणाम होत नाही असं मी मुळीच म्हणत नाही. होतो, आणि तो हा असा होतो. गाणं घरी येतं, साडी घरी येते, केस कापायची तऱ्हा घरी येते. सद्गुण मात्र थिएटरातच राहतो, पॉपकॉर्नच्या रिकाम्या पुड्याशेजारी.

‘बागबान’वर फार वेळ घालवत नाही. आईबापांना वाटून घेणारी चार पोरं राक्षस, दत्तक पोरगा देव, आणि सुनांना तर तोंड उघडायचीच सोय नाही. सासू-सासऱ्यांचं औषधपाणी बघायचं कुणी, स्वयंपाक करायचा कुणी, असले क्षुद्र प्रश्न त्या चित्रपटाला पडत नाहीत. तो बघून पोरं सेवाभावी झाली म्हणावं, तर प्रत्येक घरात सेवेला सून किंवा लेकच का दिसते?

आणि आमची ‘माहेरची साडी’. 1991. अलका कुबल. महाराष्ट्रानं आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांनी रुमाल भिजवले. सोसत राहणं हाच जिचा गुण, अशी ती पोर सोसत सोसत मरते आणि आपण बाहेर येऊन म्हणतो, काय सोशीक होती हो! तिला छळणाऱ्यांसारखं वागू नये हे किती सासवा शिकल्या, आणि तिच्यासारखं सोसावं हे किती सुनांना शिकवलं गेलं? मोजदाद कुणी केलेली नाही. पण उत्तर आपल्याला माहीत आहे.

आता बिघडवणाऱ्यांकडे. एका काकांनी मला तावातावानं विचारलं, “अगं, मग काय मुलांना ‘ॲनिमल’ दाखवायचा?” काका, ‘ॲनिमल’ला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आहे. मुलांनी तो बघितला असेल तर तुमच्याच मोबाईलवर बघितला असेल. दुसरं म्हणजे तुम्ही तो नीट बघितलेला नाही. ‘ॲनिमल’ हा पितृभक्तीचा चित्रपट आहे! मुलगा जी काही कत्तल करतो ती बापासाठी, घराण्यासाठी, बापाच्या नजरेत भरण्यासाठी. बायकोला गुरासारखं वागवतो तेही घराचा कर्ता पुरुष म्हणून. ‘पुष्पा’ला तरी काय सलत असतं? बापाचं नाव मिळालं नाही, आईचा अपमान झाला. आईबापांचा मान, घराण्याची इज्जत, घरच्या बाईवर हक्क: तुमच्या यादीतले सगळे संस्कार यात आहेत, फक्त आता त्यांच्या हातात मशीनगन आली. ‘बागबान’मधला आदर्श मुलगा व्यायामशाळेत जाऊन आला की ‘ॲनिमल’ होतो. मला हे चित्रपट आवडत नाहीत. पण ते संस्कार नसल्यामुळे वाईट झाले, हे मला मान्य नाही.

‘सैराट’वरचा राग तर मला कधी कळलाच नाही. पोरी पळून जायला शिकल्या म्हणे. चित्रपट 2016 चा. त्याआधी काय पोरी पळून जात नव्हत्या? आमच्या माळव्यात तर दिग्दर्शक नागराज मंजुळेंचं नावही न ऐकलेल्या गावांतून त्या जात आल्या आहेत. पण शेवट आठवा. संसार मांडलेल्या अर्चीच्या घरी भाऊ प्रिन्स आणि नात्यातली माणसं येतात. आईनं पाठवलेल्या भेटी आणतात. ती हरखून जाते, चहा टाकते. आणि ती माणसं दोघांचाही खून करून निघून जातात. परत येतं ते शेजारणीबरोबर गेलेलं लहानगं, रक्तातून पावलं उमटवत. त्या खोलीत बिघडलेलं कोण होतं? पळून गेलेली, राबून घर उभं करणारी दोन पोरं, की घराण्याचा मान राखायला आलेली संस्कारी माणसं? अर्चीकडे बोट दाखवताना प्रिन्सबद्दल ब्र न काढणारा माणूस त्या घरातला चहा पिऊन निघालाय, इतकंच मी म्हणेन.

चित्रपट सांगतो एक आणि प्रेक्षक घेतो दुसरं, याचा सगळ्यात चांगला पुरावा आमच्या इंदूरकराच्याच पदरात आहे. सलीम खान इंदूरचे. वडील पोलिसात मोठे अधिकारी. या पोलीस अधिकाऱ्याच्या मुलानं जावेद अख्तरांबरोबर 1975 साली ‘दीवार’ लिहिला. कागदावर बघाल तर त्याच्याइतका संस्कारी चित्रपट नाही. एक भाऊ इन्स्पेक्टर, एक स्मगलर. आई इन्स्पेक्टरची बाजू घेते, सरकार त्याला पदक देतं. प्रेक्षकांनी कुणाला उचललं? स्मगलरला. निळा सदरा, खांद्यावर दोरी, दंडावरचा 786 नंबरचा बिल्ला. पदक कुणाला आठवतं सांगा.

पण मला ‘दीवार’मधला वेगळाच प्रसंग सलतो. इन्स्पेक्टर रवी पळणाऱ्या पोराच्या पायावर गोळी झाडतो. जवळ जाऊन बघतो तर पोरानं चोरलेली असते पाव-रोटी. रवी अपराधी वाटून त्याच्या घरी खायचं सामान घेऊन जातो. आई शिव्या घालते, हाकलून देते. तिचं बरोबरच होतं! मग येतो बाप, ए. के. हंगल, निवृत्त मास्तर. तो म्हणतो की चोरी ती चोरीच, लाखाची असो की भाकरीची. रवीला साक्षात्कार होतो आणि तो स्मगलर भावाची केस हातात घेतो. पन्नास वर्षं आपण या मास्तरला मान देतोय. घरात अन्न नाही, पोराच्या पायात गोळी, आणि नीतीचा धडा देण्याची जबाबदारी पुन्हा त्याच्याच डोक्यावर. खालून बघा म्हणते ते यासाठी. खरा माणूस त्या घरात ती शिव्या देणारी आई होती, तिला लेखकांनी दोन मिनिटांत गप्प केलं.

अनुकरणाचा बागुलबुवा करणाऱ्यांसाठी इंदूरचाच आणखी एक नमुना. बद्रुद्दीन काझी, बेस्टच्या बसचा कंडक्टर, गुरुदत्तनं व्हिस्कीवरून नाव ठेवलं जॉनी वॉकर. जन्मभर दारुड्याची कामं केली आणि दारूला शिवला नाही. नक्कल करणारा स्वतः बिघडला नाही, ती तिकीट काढून बघणारा कसा काय बिघडला? छावणीतल्या कलालीवर बसलेल्याला जॉनी वॉकरनं तिथं नेलं, असं म्हणायचं असेल तर म्हणा.

सद्गुण कसा येतो ते बघायला इंदूर सोडून कुठं जायला नको. 2017 साली शहराचा स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला आणि पुढं वर्षानुवर्षं टिकला. पान खाऊन भिंती रंगवणारी हीच माणसं ओला कचरा वेगळा, सुका वेगळा ठेवायला लागली. कुठला चित्रपट बघून? कचरागाडीवर गाणं वाजतं, खरं आहे. पण गाणं वाजवून गाडी आली नसती तर? गाडी रोज आली, ठरल्या वेळी आली, वेगळा न केलेला कचरा घेईना, आणि रस्त्यावर टाकला तर चालान फाडलं. आधी गाडी, मग गाणं. नीतीची पोपटपंची करणाऱ्यांना हा क्रम कधी कळत नाही. आणि जिथं गाडी जात नाही तिथं काय झालं, तेही बघा. इंदूरचं सांडपाणी पोटात घेऊन कान्ह नदी आमच्या सांवेर तालुक्यातून क्षिप्रेकडे जाते. सिंहस्थात स्नानाचं पाणी बाटू नये म्हणून तिला वळवायच्या योजना कराव्या लागतात. स्वच्छतेचा सद्गुण नळीच्या तोंडाशी संपतो, कारण पुढं बघणारं कुणी नाही.

राहता राहिले ‘मुन्नाभाई’ आणि ‘श्यामची आई’. यांना मी यादीतून काढणार नाही, पण ते तिथं ज्या कारणासाठी घातलेत ते कारण चुकीचं आहे. ‘लगे रहो मुन्नाभाई’ची गाणी आमच्या स्वानंद किरकिऱ्यांची, त्यातल्या एकाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. 2006 साली गांधीगिरी म्हणून लोक एकमेकांना गुलाब देत सुटले. पण त्या चित्रपटात अवघड काय होतं? मुन्नाला जान्हवीपुढं कबूल करावं लागतं की मी प्रोफेसर नाही, गुंड आहे. किंमत त्याला स्वतःला मोजावी लागते. गुलाब वाटणं सोपं, म्हणून तेवढंच आपण उचललं. आपण कुणापुढं काय कबूल करायचंय याची यादी कोणत्या घरात झाली?

‘श्यामची आई’तल्या आईचं काम करणाऱ्या वनमालाबाई आमच्या शेजारच्या उज्जैनच्या जन्माच्या, ग्वाल्हेर संस्थानातल्या मानकरी घराण्यातल्या. अशा घरातल्या मुलीनं चित्रपटात जाणं म्हणजे तेव्हा कुळाला काळिमा. घरचा रोष पत्करून त्या गेल्या, ‘सिकंदर’ केला, आणि 1953 मध्ये अत्र्यांनी त्यांना श्यामची आई केली. म्हणजे मराठी आईपणाचा आदर्श म्हणून ज्या चेहऱ्यापुढं आपण हात जोडतो तो चेहरा पडद्यावर आला, तोच मुळात वडीलधाऱ्यांचं न ऐकता. आणि साने गुरुजींचं मूळ पुस्तक काढा. त्यात आई श्यामला सांगते की म्हाताऱ्या महारणीची मोळी उचलून दे. ब्राह्मणाच्या पोरानं भर रस्त्यात! पुढं 1947 साली पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून हेच गुरुजी प्राणांतिक उपोषणाला बसले. आपल्याला आठवतं ते पायाला माती लागू नये म्हणून हट्ट धरणारं गोजिरवाणं बाळ. मोळी आपण सोयीनं रस्त्यातच ठेवली.

प्रभातचा 1936 चा ‘संत तुकाराम’ व्हेनिसपर्यंत गेला, विष्णुपंत पागनिसांचे लोकांनी पाय धरले. मला त्यात दिसते ती गौरीबाईंची जिजाई. शेणात हात, म्हशीचं दूध, डोंगरावर नवऱ्याला शोधत भाकरी घेऊन जाणारी, आणि लेकरू आजारी पडल्यावर वहाण घेऊन थेट विठोबाला जाब विचारणारी. दामले-फत्तेलालांचं मोठेपण हे की त्यांनी तिला कजाग बायको म्हणून हसण्यावारी नेलं नाही. तुकोबाच्या भक्तीची किंमत कोण मोजतंय ते त्यांनी दाखवलं, लपवलं नाही. सद्गुणाचा चित्रपट म्हणायचं तर मी याला म्हणेन.

आणि त्याच प्रभातचा, पुढच्याच वर्षीचा ‘कुंकू’. शांता आपटेंची नीरा. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली. ती सोसत नाही, रडत नाही, पळूनही जात नाही. त्याच घरात राहून स्पष्ट सांगते की हे लग्न मला मान्य नाही. केशवराव दाते आरशासमोर पांढरे केस लपवतात, भिंतीवरचं जुनं घड्याळ बंद पडतं, पुन्हा चालू करतात. बदलावं लागतं ते त्यांना. चूक ज्याची, प्रायश्चित्त त्याचं. 1937 साली, सोन्याच्या काळात, हे मराठीत सांगून झालंय. यादी करणाऱ्यांना ते आठवलं नाही, कारण त्यात धाकट्यांनी नव्हे, वडीलधाऱ्यांनी शिकायचं असतं.

म्हणून मंडळींना एकच विनंती. गणपतीत पडदा जरूर लावा. पहिल्या रात्री ‘कुंकू’ लावा, दुसऱ्या रात्री ‘सैराट’. मुलांना हवं तिथं बसू द्या, मध्येच उठून वडापाव आणू द्या. पुढच्या रांगेत मात्र बापमंडळी बसतील आणि शेवटचं दृश्य संपेपर्यंत उठणार नाहीत. नंतर मुली जे विचारतील त्याचं उत्तर तिथल्या तिथं, माईकवर द्या.